मातीच्या खड्ड्यावरची शाळा

बेळगावजवळच्या खानापूरची माती लाल आणि चिकट. कौलं, विटा, मडकी, माठ असं सगळं तिच्यातून निघालं आणि तिच्यावर कितीतरी घरांची चूल पेटली. गावाबाहेर माती उपसून झालेले खड्डे आहेत. पावसाळ्यात ते भरतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत त्यांत थोडंफार पाणी राहतं. बहुतेकांच्या लेखी ती पडीक जागा. आमच्या निसर्ग मंडळाचे सगळ्यात चांगले वर्ग अशाच एका खड्ड्याच्या काठावर भरले.

बारा वर्षांपूर्वी आम्ही पाचसहा जण एकत्र आलो. त्यांत मी धरून दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक दवाखान्यात काम करणारे आणि बाकीचे नुकतेच कॉलेज संपवलेले. शाळाशाळांत जाऊन मुलांना पक्ष्यांची ओळख करून द्यायची, एवढंच ठरलं होतं. कसं करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते हळूहळू उमगत गेलं आणि बरंचसं चुकून उमगलं. ते इथे लिहून ठेवते आहे.

१. अंधाऱ्या खोलीत पक्षी शिकवता येत नाहीत.

आमचा पहिला कार्यक्रम प्रोजेक्टरवर झाला. खिडक्यांना चादरी बांधल्या, साठ मुलं जमिनीवर बसवली आणि तासभर चित्रं दाखवली. त्यांत रोहित होता, राजहंस होता, कुणीतरी उतरवून घेतलेलं पेंग्विनचं चित्रसुद्धा होतं. मुलं खूश होती. शेवटी मी विचारलं, "रोज शाळेला येताना कोणते पक्षी दिसतात?" वर्ग गप्प. मग मागून एक आवाज आला, "कावळा." एवढंच.

चादरी सोडून आम्ही बाहेर आलो. तोच मागचा मुलगा व्हरांड्यात उभा राहून कुंपणापलीकडे बोट दाखवत होता. "टीचर, ते बघा की, म्हशीच्या पाठीवर बसून किडे खायलंय. कावळा आला की त्याला मारून हाकलतंय." तो कोतवाल होता. शेपटीची दुभंगलेली टोकं, म्हशीच्या पायांनी उडणारे किडे, कावळ्यावर धावून जाण्याची खोड, सगळं त्याने टिपलेलं होतं. नव्हतं ते फक्त नाव. ते आम्ही अर्ध्या मिनिटात दिलं. आधीचा तासभर मात्र त्याला जे येत होतं त्याची विचारपूससुद्धा केली नव्हती. प्रोजेक्टर त्यानंतर फारसा बाहेर निघाला नाही. आता नव्या शाळेत गेलं की पहिला तास व्हरांड्यात होतो, आणि त्या तासाला आम्ही बोलत नाही, मुलं बोलतात.

२. लांबच्या सहलीपेक्षा जवळची एकच जागा पुन्हा पुन्हा.

एका हिवाळ्यात आम्ही वर्गणी काढून, बस ठरवून मुलांना गोकाकजवळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात नेलं. परदेशातून येणारे करकोचे दाखवायचे होते. चाळीस मुलं, भेंड्या, डबे, एकाला उलटी. पोचेपर्यंत ऊन चढलेलं. पाण्यापलीकडे लांबवर काही ठिपके दिसले आणि आम्ही परतलो. मुलांना सहल आवडली. ती आवडावीच, त्यात वाईट काही नाही. पण पक्षी कुणाच्या लक्षात राहिला नाही.

पुढच्या महिन्यापासून तेवढीच मुलं आम्ही शाळेपासून दहा मिनिटांवर असलेल्या खड्ड्यावर नेऊ लागलो. नियम एक: पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसेल ते मोजायचं. जगभर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये कमीत कमी पंधरा मिनिटांची नोंद मागतात. भारतातले लोक त्यात २०१३ पासून भाग घेतात. तिथूनच आम्ही ही पंधरा मिनिटं उचलली. पहिली पाच मिनिटं मुलं चुळबुळतात. सहाव्या-सातव्या मिनिटाला खड्डा पुन्हा आपल्या कामाला लागतो. चिखलाच्या रंगाचा वंचक हलला की मगच कळतं, तो पहिल्यापासून तिथेच उभा होता. खंड्या तारेवर येतो. टिटवी ओरडायची थांबते.

त्याच जागेवर महिन्यांमागून महिने बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी आम्हा मोठ्यांपैकी कुणीच हेरली नव्हती. फावड्याने माती कापून खड्ड्याची एक बाजू भिंतीसारखी सरळ झाली होती आणि तीत बिळं होती. मुलांना ती उंदरांची वाटली. मार्चमध्ये त्यांतून वेडे राघू ये-जा करताना दिसले. वेडा राघू झाडावर घरटं बांधत नाही. मातीच्या उभ्या कड्यात आडवं बीळ खणतो आणि आत अंडी घालतो. खंड्याही तसंच करतो. नदीच्या काठाला जे कडे पाणी कापतं ते इथे माणसाच्या फावड्याने कापून दिले होते. मुलांनी सात बिळं मोजली, त्यांतली चार चालू होती. ती वही घेऊन आम्ही वीटभट्टीवाल्या मालकांकडे गेलो. पावसाळा लागेपर्यंत ती एक बाजू खणू नका, एवढीच विनंती. त्यांनी वही नीट वाचली, आकडे कुणी काढले ते विचारलं, आणि "त्या बाजूला हात लावणार नाही," म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. व्याख्यान देऊन हे घडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

३. दुर्बीण शेवटी.

आमच्याकडे दोन दुर्बिणी आणि मुलं तीस. पहिल्याच दिवशी दुर्बीण बाहेर काढली की उरलेला तास रांगेत जातो. म्हणून पहिले तीन वर्ग नुसत्या डोळ्यांनी. चौथ्याला दुर्बिणीवरचे ८ × ४२ हे आकडे समजावतो: वस्तू आठपट जवळ दिसते, पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर. मग आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. एवढंच.

४. नाव दोन्ही भाषांत लिहा.

आमच्या तालुक्यात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी ऐकू येते. सुरुवातीला आम्ही फक्त मराठी शाळांत जात होतो. एका कन्नड शाळेच्या शिक्षकांनी आपण होऊन विचारलं, "आमच्याकडे का येत नाही?" आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

आता फळ्यावर दोन रकाने असतात. चिमणी, गुब्बी. कावळा, कागे. खंड्या, मिंचुळ्ळी. भारद्वाज, केंबूत. धनेश, मंगट्टे. हे रकाने मुलंच भरतात, घरी विचारून. त्यातून भाषाही शिकली जाते, पण मला आणखी एक फायदा दिसला. प्रत्येक नावात कुणीतरी त्या पक्ष्याचं काहीतरी हेरून ठेवलेलं असतं. चिखलात शेपटी आपटणाऱ्याला धोबी म्हणणाऱ्या माणसाने तो घाटावर किती वेळ पाहिला असेल! पुस्तकातलं नाव सांगताना गावातलं नाव खोडायचं नाही, हा आमचा नियम झाला. धनेशाला रानाकडचे काही लोक माडगरुड म्हणतात. गरुडाचा आणि त्याचा संबंध नाही हे आम्ही सांगतो, पण नाव वहीत राहतं.

मुलांना आवडणारा एक खेळही याच तासाला होतो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कर्नाटकाचा नीलपंख, गोव्याचा गळ्याशी तांबडा-केशरी ठिपका असलेला पिवळा बुलबुल. हरियाल उंबर-वडाच्या फळांवर, नीलपंख पूर्वेकडच्या मोकळ्या रानात तारांवर, आणि हा बुलबुल पश्चिमेच्या दाट जंगलात. तिन्ही आपल्या एका तालुक्यात सापडतात हे कळलं की पोरं नकाशा ओढून घेतात. सीमेवरच्या गावात वाढलेल्या मुलांना नकाशातल्या रेषांबद्दल खूप काही ऐकावं लागतं. त्या नकाशावर बोट ठेवून "हा इथे, तो तिथे" म्हणताना मी त्यांचे चेहरे पाहिले आहेत. तो तास मी कधी चुकवत नाही.

५. पाखरू हुडकू नका, फळ हुडका.

हे वाक्य माझं नाही. जांबोटीच्या पुढे रानात राहणाऱ्या एका गवळी धनगर मामांचं आहे. आम्ही धनेश पाहायला सकाळपासून माना वर करून हिंडत होतो. मामा म्हशी घेऊन आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, पाखरू हुडकून गावत न्हाई. फळ हुडका. फळ पिकलं की पाखरू हितंच." मग त्यांनी बोटावर मोजून सांगितलं: कुठलं नांदरूक आता पिकलंय, कुठलं उंबर पंधरा दिवसांनी पिकेल, ओढ्याकाठचं जांभूळ यंदा का उशिरा आहे. आम्ही नांदरुकाखाली जाऊन बसलो. अर्ध्या तासात राखी धनेशांची जोडी आली.

त्यानंतर आमच्या कार्यक्रमात झाडांचा नकाशा आला. प्रत्येक शाळेने आपल्या वाटेवरची उंबर, वड, पिंपळ, जांभूळ, सावर, पांगारा ही झाडं मांडायची आणि फुलं-फळं कधी येतात ते लिहायचं. सावर-पांगारा फुलले की शिंजीर, मैना, बुलबुल यांची झुंबड उडते. ज्या मुलांना पक्षी ओळखताना गोंधळ होतो तीसुद्धा हे काम बिनचूक करतात. आणि मामांना आम्ही पाहुणे म्हणून वर्गात बोलावलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, मुलांबरोबर खाली बसले.

धनेशाची गोष्ट मी तिथेच सांगते. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड विष्ठेने, फळांच्या गराने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट राहते. दोन-तीन महिने तिला आणि पुढे पिल्लांना नर बाहेरून भरवतो. नराला काही झालं तर आतल्यांचं काय होईल ते मुलांना सांगावं लागत नाही. एकदा हे ऐकून कुंभारवाड्यातल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, लिंपल्यावर तडे जात नाहीत का?" तिने वडिलांना चाकावर काम करताना पाहिलं होतं. हा प्रश्न मला कधी सुचला नसता.

६. घरट्याजवळ जायचं नाही. हे मी चुकून शिकले.

हा धडा लिहायला जड जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. खड्ड्याच्या वरच्या सपाटीवर खड्यांच्या मध्ये टिटवीची चार अंडी सापडली. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. त्यांचा रंग मातीत इतका मिसळतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. मला वाटलं, मुलांना हे दाखवलंच पाहिजे. पंचवीस मुलांचं कडं केलं. दोन्ही टिटव्या डोक्यावरून ओरडत झेपावत होत्या आणि मी मुलांना संरक्षक रंग समजावत होते. दहा मिनिटं तरी लागली असतील. वाळत घातलेल्या विटांच्या थप्पीवर कावळे बसले होते, तेही मी पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी अंडी नव्हती. टरफलाचा तुकडाही नव्हता. ती कावळ्यांनीच नेली असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण जागा दाखवून देणारे आम्ही होतो. मुलं माझ्याकडे बघत होती. मी त्यांना सरळ सांगितलं की चूक माझी. एका मुलाने वहीत लिहिलं, ‘आम्ही जास्त जवळ गेलो.’ ती वही माझ्याकडे आहे.

तेव्हापासून घरटं सापडलं तर जागा मोठ्याने सांगायची नाही, बोट दाखवायचं नाही, फोटो नाही, पालक पक्षी ओरडला की मागे फिरायचं. मोबाईल आल्यापासून हे पाळायला कठीण झालं आहे, मोठ्यांना तर जास्तच. मुलं मात्र हा नियम मोठ्यांना ऐकवतात.

७. कोण आलं नाही ते मोजा.

आमची फेरी रविवारी सकाळी साडेसहाला असे. बावीस मुलं यायची. त्यांत मुली तीन, कधी चार. मुलींना आवड कमी असते, असं आमच्यातलं एक जण म्हणालं आणि इतरांनी मान डोलावली. मीही. मग एकदा वर्गातल्या हुशार मुलीला विचारलं, तू का येत नाहीस? ती म्हणाली, "रविवारीच तर घरचं सगळं असतंय, टीचर." पाणी, धुणं, धाकटं भावंड, आणि काजूच्या दिवसांत बिया वेचायला जाणं.

आम्ही फेरी शनिवारच्या सकाळच्या शाळेत आणली. मुख्याध्यापकांना दोन तासिका मागितल्या आणि त्यांनी दिल्या. पहिल्याच शनिवारी निम्म्याहून जास्त मुली होत्या. त्यांच्याबरोबर नव्या नोंदी आल्या. मलप्रभेच्या घाटावर पहाटे काय येतं, परसातल्या शेवग्यावर कोण बसतं, हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्या वेळी तिथे त्याच असतात. इतकी वर्षं आमच्या याद्यांत घाट नव्हताच.

८. सगळं दाखवायचं नसतं.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचं नाव खानापुरातल्या फार थोड्या लोकांनी ऐकलं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात इथे एक वेगळंच वटवाघूळ मिळालं. मोठे कान, तपकिरी अंग, मानेवर फिकट पट्टा. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन केलं आणि वनाधिकारी रॉटन यांच्यावरून नाव ठेवलं. पुढची कितीतरी दशकं साऱ्या जगात त्याचा ठावठिकाणा हा एकच होता. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते आढळलं. आज तो भाग २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात येतो. तिथल्याच रानात म्हादई उगम पावते.

हे कळल्यावर दरवर्षी एखादा तरी पालक किंवा शिक्षक म्हणतो, मुलांना गुहा दाखवा. आम्ही नेत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही हे एक. पण परवानगी मिळाली तरी नेणार नाही. गुहेत उजेड आणि गोंगाट झाला की वटवाघळं उडतात, अंगातली शक्ती वाया जाते, चिकटलेली पिल्लं खाली पडतात. त्याऐवजी आम्ही वर्गात गुहेची गोष्ट सांगतो, आणि मुलांना नकाशावर ती जागा नेमकी नाही, तर नुसती ‘आपल्या तालुक्यात’ एवढीच दाखवतो. जंगलात जायचंच असेल तेव्हा वन खात्याच्या ‘चिण्णर वनदर्शन’सारख्या शालेय शिबिरांतून, त्यांच्या माणसांबरोबर जावं.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मुलांना काही वाटणार नाही. पण गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारलं, "आत्ता ती तिथं आहेत?" मी हो म्हटलं. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

९. कौल आणि चिमणी.

२० मार्चच्या चिमणी दिनाला आम्ही लाकडी खोकी वाटायचो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून हा दिवस सुरू केला. आमची बरीच खोकी रिकामी राहिली. भर उन्हात टांगलेली, तोंड फार मोठं ठेवलेली. भोक सव्वा इंचाचं, जागा सावलीची, मांजर पोचणार नाही अशी, हे जमायला तीन वर्षं गेली. पण मूळ गोष्ट मुलांच्या घरमोजणीत निघाली. ज्या आळीत कौलारू घरं जास्त, तिथे चिमण्या जास्त. कौलं आणि वाशांच्या मधली पोकळी हेच चिमणीचं घर. ज्या गावाने अख्ख्या मुलखाला कौलं पुरवली त्याच गावात आता स्लॅब पडताहेत. लोकांना स्लॅब नको म्हणण्याचा मला अधिकार नाही, पावसाळ्यात गळणाऱ्या कौलाखाली मीही राहिले आहे. म्हणून नवं घर बांधणाऱ्याला आम्ही एवढंच सांगतो: वळचणीला दोनचार जागा सोडा. पाण्यासाठी कुंभारवाड्यातलं पसरट परळ ठेवा, खोल भांडं नको.

१०. वही शाळेची असू द्या.

चांगल्या शिक्षकाची बदली होते आणि त्याच्याबरोबर कार्यक्रमही जातो. हे चार शाळांत घडलं. म्हणून आता नोंदींची वही मुलाची नाही, शिक्षकाची नाही, मंडळाचीही नाही. ती शाळेच्या कपाटात राहते. नवे गुरुजी आले की पहिल्या दिवशी मुलंच त्यांना ती उघडून दाखवतात.

वही का ठेवायची हे सांगताना मी बेळगावचा दाखला देते. कॅप्टन बटलर नावाचे लष्करी अधिकारी इकडे होते. त्यांनी दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी १८८१ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. ते नियतकालिक चालवणारे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्या काळी बंदुकीने पक्षी मारून नमुने जमवत, ते आज करायचं नाही. पण तेव्हा इथे काय होतं हे आज कळतं ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

आमच्या वहीत एक रकाना दिसलेल्यांचा आणि एक न दिसलेल्यांचा आहे. दुसरा रकाना भरायला मुलं कंटाळतात, त्यांना वाटतं काही दिसलं नाही तर लिहायचं काय. तरी मी आग्रह धरते. हिमालयाकडून येणारा करडा धोबी दर पावसाळ्याच्या शेवटी घाटावर आणि खड्ड्यावर उतरतो. तो पहिल्यांदा कधी दिसला, ही तारीख आठ वर्षांची आमच्याकडे आहे. ती तारीख पक्की कशावरून? आदल्या शनिवारी ‘नाही’ असं लिहिलेलं आहे म्हणून.

गेल्या शनिवारी पाऊस होता. छत्र्या घेऊन सातवीच्या मुली खड्ड्यावर जाऊन आल्या. वहीत लिहिलं आहे: ‘टिटवी २, वंचक १, खंड्या १. भिंतीतली बिळं पाण्यात गेली. धोबी आला नाही. पुढच्या शनिवारी बघू.’